विनंती थांबा

खाणीतून निवृत्त झालेल्या माणसानं पुढं काय करायचं, हे राजुरात ठरलेलं आहे. पीएफचे पैसे हाती आले की आधी मुलीचं लग्न, मग घरावर एक मजला, आणि तरीही काही उरलंच तर मुलाच्या नावानं बोलेरो. ती कुठंतरी भाड्यानं लावून दिली की सकाळी पानठेल्यावर बसून देश कसा चालवावा हे सांगायला माणूस मोकळा. आमच्या काकाजींनी मुलीचं लग्न लावलं, मजला चढवला, आणि बोलेरोची पाळी आली तेव्हा खर्रा घोटता घोटता जाहीर केलं, "मी बस घेऊन राह्यलो. जुनी."

"शाळेत लावता का जी?"

"नाही. रेडिओ आयकाले."

पानठेलेवाल्यानं चुन्याची डबी खाली ठेवली. "रेडिओ त मोबाईलमधीबी वाजते न काकाजी. त्याच्यासाठी बस काहून?"

काकाजींनी त्याच्याकडं पाहिलं. ख्यालगायक लग्नातल्या बँडवाल्याकडं पाहतो, तसं. मग म्हणाले, "बस म्हंजे कॅम्पर. आतमधीच झोपाचं, आतमधीच सयपाक, आन् जिथं आवाज साफ येते तिथं गाडी उभी कराची." दुपारपर्यंत गावभर झालं की काकाजी गार पाण्याच्या कॅम्परचा धंदा टाकतात. संध्याकाळी दोन लग्नघरची माणसं भाव विचारून गेली.

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो, हे राजूर म्हणजे यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातलं, कोळशाचं राजूर. अकोले तालुक्यातलं राजूर वेगळं, जालना जिल्ह्यातलं गणपतीचं राजूर वेगळं, आणि शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं राजुरा आणखी वेगळं. काकाजींनी मुंबईहून मागवलेला एक कंडेन्सर ही सगळी गावं पाहून आमच्याकडं आला. आमच्या गावात जमिनीखाली कोळसा आणि जमिनीवर चुनाभट्ट्या, त्यामुळं दोरीवर वाळत घातलेला कपडा काळा होणार की पांढरा हे वाऱ्याच्या दिशेवर अवलंबून. अशा गावात माणसानं एखाद्या गोष्टीचा आग्रह धरला तर तो निर्मळपणाचा धरावा, हे तसं समजण्यासारखं आहे. काकाजींनी तो आवाजाच्या बाबतीत धरला, इतकंच.

काकाजी खाणीत इलेक्ट्रिशियन होते. सगळी नोकरी जमिनीखाली गेली. तिथं पंप, पंखे, केबल, दिवे सगळं होतं, पण रेडिओ नव्हता. डोक्यावर एवढा खडक असताना लहर खाली येणार कुठून? आकाशवाणीवर कामगारांसाठीचा कार्यक्रम लागायचा तेव्हा कामगार खाली असत आणि वर बायका तो कार्यक्रम ऐकून उत्पादकता वाढवत. काकाजींनी ही खंत मनात धरली. निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आले ते थेट माळ्यावर चढले आणि जुना व्हॉल्व्हचा रेडिओ खाली काढला. सोबत निघाली एरियलची, तांब्याच्या जाळीची ती लांब पट्टी, जी एके काळी प्रत्येक रेडिओवाल्या घरात आढ्याखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली असे, आणि पाहुण्यांना वाटे की ती शोभेची आहे. पोस्टातून काढलेलं रेडिओचं लायसनसुद्धा निघालं, वर्षावर्षाच्या शिक्क्यांसकट. रेडिओ ऐकायला सरकारी परवाना लागत असे आणि १९८०च्या दशकात तो रद्द झाला, हे आजच्या पोरांना सांगितलं तर ती म्हणतात, काकाजी काहीही फेकतात.

रेडिओ लावला. व्हॉल्व्ह तापले, रेडिओचा डोळा हिरवा झाला. आणि नागपूरच्या जागी तळणाचा आवाज आला.

इथं थोडं शास्त्र सांगावं लागेल. पूर्वी रेडिओचा शत्रू होता अंतर. आता तो घरातच राहतो. एलईडी बल्ब, मोबाईलचा चार्जर, इन्व्हर्टर, सेट-टॉप बॉक्स, ही सगळी मंडळी वीज सरळ घेत नाहीत. ती सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून घेतात. त्या तोडजोडीचा जो कचरा उडतो तो नेमका मीडियम वेव्ह आणि शॉर्टवेव्हवर येऊन पडतो. एफएम त्यातून बराचसा वाचतो, म्हणून शहरातल्या लोकांना हे दुःख माहीत नाही. काकाजींनी ट्रान्झिस्टर हातात घेऊन घरभर फेरी मारली. नळाचं पाणी कुठं मुरतं हे शोधणारा प्लंबर फिरतो तेवढ्या गंभीरपणे नव्हे, त्याहून जास्त. देवघरातल्या चिनी माळेजवळ रेडिओ किंचाळला. जावयानं दिलेल्या टीव्हीजवळ त्यानं मान टाकली. सुनेचा चार्जर भिंतीत नुसताच खोचलेला होता, त्याला मोबाईल लावलेलाही नव्हता, तरी त्याच्यापाशी तो गुरगुरला. शेवटी काकाजींनी मेन स्विच खाली ओढला. घर अंधारात गेलं, आणि नागपूर, ५८५ किलोहर्ट्झ, काचेसारखं स्वच्छ! बातम्या चालू होत्या. काकाजींच्या डोळ्यांत पाणी होतं. बाकीच्यांच्या अंगावर घाम होता, कारण महिना मे होता आणि वणी भागात मे महिना म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांनी एकदा येऊन पाहावं.

त्या दिवसापासून भारनियमनाची वाट पाहणारा जिल्ह्यातला बहुधा एकमेव ग्राहक म्हणजे आमचे काकाजी. बत्ती गेली की सारा मोहल्ला वीजवाल्यांच्या कुळाचा उद्धार करायचा आणि एका ओसरीवरून आनंदाचा आवाज यायचा, "आली! हैदराबाद आली!" घरच्यांनी एक उन्हाळा सोसला. मग काकू म्हणाल्या, "तुमाले नाही जमत आमच्यासंगं, त तुमी दुसरीकडं राहा." काकाजींनी ते शब्दशः घेतलं. तिथून बसचा जन्म.

आता बसच का? झोपडी का नाही, शेतातली खोली का नाही? हा प्रश्न पानठेल्यावर रीतसर चर्चेला आला तेव्हा काकाजींनी खिशातून कागद काढला. "एस.टी.ची पहिली गाडी कवा धावली? १ जून १९४८. पुणे ते अहमदनगर. आन् नागपूर आकाशवाणी कवा सुरू झाली? १६ जुलै १९४८. दीड महिन्याचं अंतर हाय. एस.टी.चं ब्रीद काय? बहुजन हिताय, बहुजन सुखाय. आकाशवाणीचं? बहुजन हिताय, बहुजन सुखाय. पत्रिका जुळते का नाही?"

सगळे निरुत्तर झाले. फक्त गुरुजी झाले नाहीत, कारण निवृत्त शिक्षक कधीच होत नाहीत. ते म्हणाले, "१९४८ मध्ये आपण मध्यप्रांत-वऱ्हाडात होतो. ती गाडी मुंबई प्रांताची. आपला तिच्याशी संबंध नंतरचा."

"लग्नाआधी कोणाचा कोणाशी संबंध असते गुरुजी?" काकाजी म्हणाले, आणि विषय मंजूर झाला.

शिवाय जुन्या बसला नवं आयुष्य देण्याची परंपरा आपल्याकडं आहेच. पुण्यात २०१६ पासून जुन्या बसगाड्यांत बायकांसाठी स्वच्छतागृहं झाली. २०२० च्या टाळेबंदीत एस.टी.नं जुन्या गाड्यांतली बाकं काढून त्यांचे मालवाहू ट्रक केले, आणि ज्या गाडीत उभं राहायला जागा नसे तिच्यात कांदे ऐसपैस बसून गेले. केरळात मुन्नारला तर जुन्या सरकारी बसमध्ये पर्यटकांना झोपायची सोय झाली. त्यावर आमच्या कंपूतल्या एकानं शंका काढली की एस.टी.त झोपायची सोय पहिल्यापासूनच आहे, फक्त शेजाऱ्याचा खांदा रिकामा पाहिजे.

पण काकाजींचा खरा हुकमाचा पत्ता होता १९५६ चा. त्या वर्षी आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली, प्रत्येक गावात शेतकऱ्यांचं एक श्रोतामंडळ केलं. आठवड्यातून दोन संध्याकाळी अर्धा-अर्धा तास कार्यक्रम. तो सगळ्यांनी मिळून ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची, मग जमलं तर गावात काही करायचं. कल्पना मूळ कॅनडातली. तिथं बर्फात अडकलेल्या शेतकऱ्यांना संध्याकाळी दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. परिणाम काय झाला हे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं तपासलं, आणि त्यावर इंग्रजीत जाडजूड अहवाल निघाला. निष्कर्ष असा की माणसं एकत्र बसून रेडिओ ऐकतात तेव्हा एकट्यानं ऐकण्यापेक्षा जास्त शिकतात, आणि पुढं भांडतातही.

"दीडशे गावं," काकाजी म्हणाले, "आन् त्याच्यात विदर्भाचं एक तरी गाव हाय का? नाही. हा रेडिओचा अनुशेष हाय."

गुरुजींनी तोंड उघडलं. फेब्रुवारी १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात नव्हताच, मध्य प्रदेशात होता, असं ते म्हणणार हे सगळ्यांना कळलं. पण विदर्भात 'अनुशेष' हा शब्द उच्चारल्यावर तपशिलात शिरण्याची पद्धत नाही. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालात सिंचनाचा, रस्त्यांचा, विजेचा अनुशेष होता. रेडिओचा राहून गेला तो काकाजी भरून काढणार म्हटल्यावर पानठेल्यानं एकमतानं पाठिंबा दिला. पैसा मात्र कुणी दिला नाही.

एस.टी.ची गाडी मिळेल ही आशा पहिल्याच फेरीत मावळली. एस.टी.च्या म्हाताऱ्या गाड्या चालत्या स्थितीत कुणाला देत नाहीत, त्यांचा भंगार म्हणून लिलाव होतो. त्यात १ एप्रिल २०२३ पासून नियमच झाला की सरकारी मालकीच्या पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी पुढं चालणार नाही. "माणसाले अठ्ठावन-साठपर्यंत ठेवते आन् गाडीले पंधरा," काकाजी हळहळले. शेवटी खाणकामगारांची ने-आण करून थकलेली एक खाजगी बस मिळाली. एमएच-२९, पुढची काच तडकलेली, मागच्या बाकावर बाणानं आरपार गेलेलं एक हृदय आणि त्यात दोन अक्षरं. काकाजींनी गाडीभर रंग मारला पण ते हृदय ठेवलं. त्या दोघांचं पुढं जमलं की नाही याची चौकशी ते अजून करतात.

मग कागद. बसचा वापर बदलायचा, बाकं काढायची, आत पलंग टाकायचा, म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आलं. निर्मात्यानं नोंदवल्यापेक्षा गाडी परवानगीशिवाय बदलता येत नाही. आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला दरवर्षी फिटनेस. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं आहे खरं, पण ते वाचताना डोळ्यांसमोर येतं ते कोकणातलं कुटुंब, गार हवा, फ्रिजमध्ये सोलकढी. कागद करून देणाऱ्या माणसानं पेन उघडलं आणि विचारलं, "आसनक्षमता किती दाखवू?"

"एक मानूस आन् चार रेडिओ."

"वाहनाचा उपयोग?"

"आयकणे."

तो माणूस बराच वेळ कागदाकडं पाहत राहिला. मग त्यानं विचारलं, "जुने कागद काही आहेत का?" काकाजींनी पोस्टाचं रेडिओ-लायसन काढून टेबलावर ठेवलं. खरं सांगायचं तर सगळ्या फाइलीत ठळक शिक्के असलेला तेवढाच एक कागद होता.

बस दारात उभी राहिली आणि घरातल्यांचा राग गेला. उलट उत्साह आला. उत्साहासारखं संकट नाही. मुलगा म्हणाला, वर सोलर पॅनल टाकू, खाली इन्व्हर्टर. सून म्हणाली, इंडक्शन शेगडी बसवा. नातवानं यूट्यूबवर परदेशातल्या गोऱ्या म्हाताऱ्यांच्या कॅम्पर गाड्या पाहून ठेवल्या होत्या; त्यानं छताला निळ्या एलईडी पट्ट्या, मागं टीव्ही आणि प्रत्येक बाकाशेजारी यूएसबी असा नकाशा काढला. जावयानं फोनवरून एसीचं आश्वासन दिलं. वणीहून आलेल्या वेल्डिंगवाल्या मिस्त्रीनं सगळं ऐकून घेतलं आणि तीन लाखांचा आकडा सांगितला.

काकाजींनी एकेकाचा निकाल लावला. इन्व्हर्टर? तो शत्रूचा सेनापती. सोलरचा पॅनल गरीब, पण त्याचा चार्ज कंट्रोलर कर्कश. एलईडी पट्टी? घरातून निघालो कशासाठी? इंडक्शन चालू केली तर नागपूर सोडा, पलीकडच्या गल्लीतला रेडिओ मरेल. एसी, टीव्ही, यूएसबी, सगळ्यांवर काट. एकेक सोय खोडत काकाजी जसजसे पुढं गेले तसतशी बस रिकामी होत गेली, आणि शेवटी तिच्यात उरलं ते असं: एक बाज, एक माठ, एक कंदील, पुठ्ठ्याचा पंखा, रॉकेल कंदिलापुरतंच मिळतं म्हणून नाइलाजानं छोटा गॅस, ट्रॅक्टरची एक बारा व्होल्टची बॅटरी, आणि चार रेडिओ. तीन लाखांची बस मिस्त्रीनं पाच हजारांत करून दिली, आणि पाच हजार घेताना त्याचा चेहरा पडला होता. काकूंनी आत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे त माह्या सासूबाईची खोली झाली."

पहिल्या रात्री काकाजी आत बसले, दार लावलं, रेडिओ लावला. काहीच नाही. खरखरसुद्धा नाही.

आम्हाला वाटलं बिघडला. बिघडला नव्हता. बस म्हणजे चारही बाजूंनी पत्रा, आणि पत्र्याच्या खोक्यात मीडियम वेव्ह शिरत नाही. नागपूरची लहर पाचशे मीटरच्या वर लांब, आणि बसची खिडकी दीड हात. रेडिओ ऐकण्यासाठी मुद्दाम तयार केलेली गाडी ही राजूर पंचक्रोशीतली अशी एकमेव जागा निघाली जिथं रेडिओ अजिबात वाजत नाही. खाणीत काकाजींच्या डोक्यावर खडक होता, इथं पत्रा. पोरं हसली. काकाजी हसले नाहीत; खाणीत ज्यांनी पाण्यात उभं राहून केबल जोडल्या त्यांना पत्रा काय अडवणार? दुसऱ्या दिवशी टपावरून चिनी मातीचे गुटके लावून तार निघाली ती अंगणातल्या कडुनिंबापर्यंत. जमिनीत तांब्याची कांब ठोकली, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, वर पाणी. अर्थिंग बघायला चार निवृत्त इलेक्ट्रिशियन गोळा झाले आणि त्यांनी ज्या कौतुकानं त्या खड्ड्याकडं पाहिलं तसं काकाजींच्या नातवाकडंही कधी पाहिलं नव्हतं. शास्त्राप्रमाणं नागपूरसाठी तारेची लांबी सव्वाशे मीटरच्या वर पाहिजे होती, पण तेवढी ताणली तर तिचं दुसरं टोक सरपंचांच्या गच्चीवर जात होतं, आणि सरपंच दुसऱ्या पार्टीचे. तेव्हा तार कडुनिंबावरच थांबली. दुपारी काकूंनी तिच्यावर लुगडी वाळत घातली. काकाजींनी तक्रार केली नाही. ओल्या लुगड्यांनी रायपूर जरा बरं येतं, असं त्यांचं निरीक्षण आहे.

मग गाडी गावाबाहेर न्यायचं ठरलं, कारण मुळात तीच तर योजना होती. वर्धा नदीकडच्या शिवारात, विजेच्या तारांपासून लांब, पऱ्हाटीच्या धुऱ्यावर बस उभी राहिली. दिवस मावळला. मीडियम वेव्हचा खरा खेळ अंधारात. दिवसा आकाशातला सगळ्यात खालचा विद्युतभारित थर या लहरी गिळून टाकतो; सूर्य बुडाला की तो थर विरतो, आणि लहरी वरच्या थरावर आपटून शेकडो कोस लांब उतरतात. काकाजींनी कंदिलाची वात खाली केली, कान लावला. इंदूर आलं. हैदराबाद आलं. चेन्नई आल्यासारखं वाटलं. आणि या सगळ्यांच्या मागं, दर सेकंदाला एक, असा आवाज: टिक्. टिक्. टिक्.

रेडिओ बदलला. टिक्. बॅटरी बदलली. टिक्. गुरुजी म्हणाले, हा परदेशी वेळसंकेत असावा. शेवटी शेतकरी आला आणि उलगडा झाला. रानडुकरं येऊ नयेत म्हणून त्यानं कुंपणाला सौरऊर्जेवरचं झटका मशीन लावलं होतं. विजेपासून पळून काकाजी जिथं आले होते तिथं प्रत्येक वावराला एक झटका मशीन, आणि प्रत्येकाची टिक् वेगळ्या तालाची. शेतकऱ्याला काकाजींनी विनंती केली, अर्धा तास बंद ठेवता का? तो म्हणाला, "ठेवतो न जी. डुकराईले तुमी आयकाले बसवा."

अर्ध्या तासानं डुकरं आली नाहीत, जमादार आले. तारा बांधलेली बस, आत कंदील, कानाला हेडफोन लावलेला माणूस, ही खबर पोलीस पाटलांमार्फत गेली होती.

"काय पाठवून राह्यले इथून?"

"पाठवत नाही साहेब, आयकून राह्यलो."

"कोनाचं?"

त्या क्षणी शॉर्टवेव्हवर जे लागलं होतं ते काकाजींनी प्रामाणिकपणे सांगितलं. "चीनचं."

पुढचा पाऊण तास समजावण्यात गेला. रेडिओ ऐकायला आता परवाना लागत नाही, पाठवायला लागतो. हॅम लोक परीक्षा देऊन तो घेतात. राजीव गांधींकडं होता, त्यांचं संकेतनाम व्हीयू२आरजी. १९९३ च्या किल्लारी भूकंपात हॅमवाल्यांनी निरोप पोचवले. जमादारांनी सगळं ऐकून घेतलं. मग टोपी काढून बाजेवर बसले आणि म्हणाले, "सिलोन लागते का? आमच्या घरी सकाळी लागायचं. आठच्या जरा आधी सैगल." काकाजींनी त्यांना केसकरांची गोष्ट सांगितली. बाळकृष्ण केसकर, आपल्या पुण्याचे, १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झाले आणि सिनेमाची गाणी आकाशवाणीवर नकोत म्हणाले. त्याच वर्षी सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि सारा देश तिकडं वळला. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती काढावी लागली तेव्हा कुठं लोक परत आले. "म्हंजे सिलोनले मोठं केलं ते मराठी मानसानं," जमादार म्हणाले. काकाजींनी चहा टाकला.

परतीच्या वाटेवर खरी गंमत झाली. काकाजींनी बसला भक्तिभावानं लाल रंग दिला होता. 'हात दाखवा, गाडी थांबवा' हे एस.टी.नं एवढी वर्षं शिकवलेलं. लाल गाडी दिसली की विदर्भातल्या माणसाचा हात आपोआप वर जातो. पहिल्या फाट्यावर एक आजी चढल्या, बोचक्यासकट. "वणी जाते न बापू?" नाही म्हणायची काकाजींची हिंमत झाली नाही. पुढच्या फाट्यावर तीन बायका, त्यांनी चढतानाच अर्धं तिकीट मागितलं. मग एक आजोबा, पंच्याहत्तरच्या वरचे, मोफतवाले. आधारकार्ड हातात काढूनच बसले. काकाजी पैसे घेत नव्हते, तर लोकांना संशय येऊ लागला. एकीनं विचारलंच, "इलेक्शनची हाय का गाडी?"

रेडिओ चालूच होता. इंजिन सुरू असताना ऑल्टरनेटरची शिट्टी रेडिओत येते आणि गाडीच्या वेगाबरोबर तिचा सूर चढतो. आजोबा लक्ष देऊन ऐकत होते. उतरताना म्हणाले, "गानं बरं हाय, पन पेटीवाला लय पुढंपुढं करते." आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती, ती १९७१ पर्यंत टिकली. काकाजींच्या बसमध्ये ती अजून उठलेली नाही, एवढं त्यांनी आजोबांना सांगितलं असतं, पण तोवर मागून कुणीतरी घंटीची दोरी ओढली होती. दोरी काढायची राहून गेली होती. एक घंटी, गाडी थांबली. दोन घंट्या, निघाली. काकाजींच्या लक्षात आलं की गाडी ते चालवत नाहीत.

आता बस बहुतेक वेळ घराशेजारच्या कडुनिंबाखालीच असते. डिझेलचा भाव आणि प्रवाशांचा भाव, दोन्ही परवडत नाहीत. भारनियमन लागलं की मोहल्ल्यातली माणसं आपापला पुठ्ठा घेऊन तिच्यात येऊन बसतात, कारण खिडक्या दोन्ही बाजूंनी उघड्या असल्यानं वारा बरा लागतो. आधी नागपूर लागतं, मग काय लागेल ते. बातम्या झाल्या की कापसाच्या भावावर भांडण होतं. पुण्याच्या प्रयोगावरच्या त्या अहवालात लिहिलंय तसंच. गुरुजी त्याला अजूनही श्रोतामंडळ म्हणायला तयार नाहीत, कारण कामकाजाचं इतिवृत्त कुणी ठेवत नाही.

तुमच्या माळ्यावर जुना व्हॉल्व्हचा रेडिओ असेल, नुसतं खोकं असलं तरी चालेल, तर तो भंगारवाल्याला देऊ नका. राजूर कॉलरीत कडुनिंबाखाली लाल बस विचारा, कुणीही दाखवेल. पाकिटावर वणी तालुका, यवतमाळ जिल्हा असं ठळक लिहा. येताना चार्जर आणू नका, मोबाईल बंद ठेवा, आणि वणीला जायचं असेल तर एस.टी.नं जा.